मर्सेनची चूक आणि कोलचे रविवार

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्याने राजाकडे मागितलेल्या बक्षिसाची कथा आपल्याकडे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा रीतीने प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवायचे. राजाला मागणी क्षुल्लक वाटली. पण चौसष्ट घरांचा हिशेब पूर्ण झाला तेव्हा दाण्यांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ भरली आणि राज्यातील सारी कोठारे अपुरी पडली. कथेतील राजाचे पुढे काय झाले, हे आपण बाजूला ठेवू. समजा, त्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे असती, तर एकूण दाणे किती झाले असते? उत्तर आहे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. गणिताच्या भाषेत सांगायचे तर २ चा ६७ वा घात वजा १. ही एकवीस अंकी संख्या हाच या लेखाचा विषय आहे.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दशं, शतं अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील अखेरचे स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या १४७५ परार्धांहूनही मोठी आहे. पण तिचे महत्त्व तिच्या आकारात नाही. आकाराचाच प्रश्न असता तर शेवटी आणखी एक शून्य जोडून कोणीही तिच्यावर मात केली असती. तिचे महत्त्व एका साध्या प्रश्नात आहे: ही संख्या मूळ आहे की संयुक्त? ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या. १५ ही संयुक्त, कारण ती ३ आणि ५ यांचा गुणाकार आहे. शाळेतील मुलालाही कळेल असा हा प्रश्न. तरीही या एका संख्येच्या बाबतीत त्याचे पूर्ण उत्तर मिळण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

या कथेचा आरंभ पॅरिसमध्ये होतो. मारँ मर्सेन (१५८८-१६४८) हा ख्रिस्ती मठात राहणारा विद्वान संन्यासी. देकार्त, फर्मा यांसारख्या समकालीन गणितज्ञांशी त्याचा अखंड पत्रव्यवहार असे आणि एकाचे संशोधन दुसऱ्याला कळवण्याचे काम तो निष्ठेने करी. १६४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने एक विधान केले. २ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केला असता कधी मूळ संख्या मिळते, तर कधी मिळत नाही. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे अकरा घातांक घेतले असता मूळ संख्या मिळते, असे त्याने सांगितले.

अशा संख्यांविषयी गणितज्ञांना पूर्वीपासून कुतूहल होते. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने असे दाखवले होते की, या प्रकारची प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते. जिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या. ६ चे विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४; त्यांची बेरीज २८. यांतील ६ ही ३ पासून, तर २८ ही ७ पासून मिळते. त्यामुळे मर्सेनच्या यादीला मोठे मोल होते.

यादी तयार करताना एक गोष्ट सोपी होती. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त असते. उदाहरणार्थ, ६ हा संयुक्त घातांक घेतला तर २ चा सहावा घात वजा १, म्हणजे ६३, आणि ६३ ला ३ व ७ यांनी भाग जातो. म्हणून घातांक मूळ असणे आवश्यक. परंतु ते पुरेसे नाही. ११ ही मूळ संख्या असली तरी २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, ही २३ आणि ८९ यांच्या गुणाकाराइतकी आहे. तेव्हा प्रत्येक मूळ घातांकाची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते. मर्सेनने ती कशी घेतली? त्याने आपल्या विधानाला पुरावा दिला नाही, आणि त्या काळी एवढ्या मोठ्या संख्या तपासण्याचे साधनच नव्हते. महान गणितज्ञ ऑयलर याने १७७२ मध्ये ३१ या घातांकाची दहा अंकी संख्या, २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे सिद्ध केले. त्यापुढची सदुसष्टची संख्या मात्र शंभर वर्षे तशीच राहिली.

१८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने या कोंडीतून वाट काढली. संख्येला एकेका विभाजकाने भागून पाहण्याची गरजच नाही, अशी एक पद्धत त्याने शोधली. पुढे १९३० मध्ये अमेरिकन गणितज्ञ डेरिक लेहमर याने तिला जे सुटसुटीत रूप दिले, ते कोणालाही कागदावर करून पाहता येईल. ४ या संख्येपासून सुरुवात करायची. तिचा वर्ग करून २ वजा करायचे. आलेल्या उत्तराला तपासावयाच्या संख्येने भागून केवळ बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा ही क्रिया केल्यावर शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ. दुसरे काहीही उरले तर संयुक्त. हा नियम २ वगळता सर्व मूळ घातांकांना लागू पडतो.

५ हा घातांक घेऊ. संख्या ३१. क्रिया तीनदा करायची. ४ चा वर्ग १६, वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४. त्याला ३१ ने भागल्यावर बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२. त्याला ३१ ने भागल्यावर बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. आता ११ हा घातांक घेऊन २०४७ ची परीक्षा पाहू. नऊ वेळा क्रिया केल्यावर अनुक्रमे १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६ उरतात. शून्य आले नाही; म्हणून २०४७ संयुक्त.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून एक गोष्ट पाहावी. २०४७ चे अवयव २३ आणि ८९ आहेत, हे आपल्याला आधीच ठाऊक होते. पण वरच्या नऊ पायऱ्यांमध्ये २३ किंवा ८९ यांचा कोठेही मागमूस नाही. संख्या फुटते एवढे चाचणीने निर्विवाद सांगितले. ती कोठे फुटते, याविषयी ती एक अक्षरही बोलली नाही. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो. आवाज बद्द आला की मडक्याला तडा आहे हे कळते. पण तडा नेमका कोठे आहे, हे आवाजावरून कळत नाही. ल्यूकाने सदुसष्टची संख्या अशीच वाजवून पाहिली आणि १८७६ मध्ये जाहीर केले की ती मूळ नाही. मर्सेनचे विधान चुकीचे ठरले. मात्र त्या संख्येचा एकही अवयव कोणालाच ठाऊक नव्हता.

ही उणीव भरून काढली ती फ्रँक नेल्सन कोल (१८६१-१९२६) यांनी. कोल न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि अमेरिकन गणित संस्थेचे सचिवपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे संस्थेची बैठक होती. त्या दिवशीचा प्रसंग गणिताच्या इतिहासात पुष्कळदा सांगितला जातो. कोल फळ्यापाशी गेले, काही न बोलता खडूने २ चा ६७ वा घात काढला आणि त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या भागात त्यांनी दोन संख्या मांडल्या: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. शाळेतल्या रीतीने त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे अंकागणिक जुळली. कोल एक शब्दही न बोलता आपल्या जागी जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधण्यास किती काळ लागला, असे पुढे विचारले असता त्यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर दिल्याचे सांगतात. हे सारे एरिक टेंपल बेल या गणितज्ञ लेखकाने अनेक वर्षांनंतर लिहून ठेवले आहे, आणि बेल यांना रंजकतेचा सोस होता हे अभ्यासकांना माहीत आहे. तेव्हा टाळ्या आणि मौन यांचा तपशील थोडा जपूनच स्वीकारावा. कोल यांचा शोधनिबंध मात्र संस्थेच्या मुखपत्रात छापलेला आहे, आणि तो गुणाकार तर आजही कोणीही पडताळून पाहू शकतो.

अगदी थोडक्यात पडताळा पाहायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे. पहिल्या अवयवातील अंकांची बेरीज ३७, त्याची १०, त्याची १. दुसऱ्यातील अंकांची बेरीज ६४, त्याची १०, त्याची १. त्या दोहोंचा गुणाकार १. मूळच्या एकवीस अंकांची बेरीज १०९, त्याची १०, त्याची १. पडताळा जुळला. एवढ्याने गुणाकार बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही, पण चूक असती तर ती बहुधा येथेच उघडी पडली असती. पूर्ण खात्री हवी असेल तर कागद-पेन्सिल घेऊन पंधरा-वीस मिनिटे बसावे. ज्याला तीन वर्षांचे रविवार लागले, ते तपासण्यास पाव-अर्धा तास पुरतो. हा विरोधाभासच पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

कोल यांनी अंधारात बाण मारले नाहीत. घातांक विषम मूळ संख्या असेल तर अशा संख्येचा प्रत्येक अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीपेक्षा एकाने अधिक असतो, हा नियम पूर्वीच ठाऊक होता. २०४७ चे अवयव पाहा: ११ ची दुप्पट २२; २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. सदुसष्टच्या बाबतीत दुप्पट होते १३४. म्हणून १३५, २६९, ४०३ अशा संख्याच तपासायच्या. कोल यांचा लहान अवयव या रांगेत १४,४५,५८० व्या स्थानी आहे. आणखी एका नियमाने रांगेतील नेमक्या निम्म्या संख्या गळतात. तरीही सुमारे सव्वासात लाख उरतात. एका भागाकाराला पाच मिनिटे आणि दिवसाचे आठ तास धरले, तर एकही सुटी न घेता हे काम वीस वर्षे चालले असते. म्हणूनच कोल यांनी वर्गसंख्यांच्या बाक्यांविषयीच्या सिद्धांतांचा आधार घेऊन संभाव्य अवयवांचे क्षेत्र आणखी आकुंचित केले. त्यांच्या रविवारांत कष्ट होते तसेच शास्त्रही होते.

मर्सेनच्या यादीचा पुरता निकाल लागायला १९४७ साल उजाडले. ६७ आणि २५७ हे दोन घातांक यादीत चुकून आले होते. ६१, ८९ आणि १०७ हे तीन चुकून राहिले होते. एकूण पाच चुका. तरीही अशा संख्यांना आज मर्सेन संख्या असेच म्हणतात. ज्या विधानाने तीन शतके गणितज्ञांना कामाला लावले, त्याच्या कर्त्याला एवढा मान देण्यास हरकत नसावी.

ल्यूकाचे ज्ञान आणि कोलचे ज्ञान यांतील अंतर ही केवळ इतिहासातील एक गंमत राहिली असती. परंतु १९७७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रोनाल्ड रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी नेमक्या याच अंतराचे कुलूप बनवले. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती पद्धत आरएसए या नावाने ओळखली जाते. शंभर अंकांहून मोठ्या दोन मूळ संख्या निवडायच्या आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. तो गुणाकार वापरून कोणीही संदेश कुलूपबंद करू शकतो. पण कुलूप उघडायला ते दोन अवयव हवेत, आणि ते फक्त मालकाजवळ असतात. या रचनेला दोन्ही बाजू लागतात. एवढ्या मोठ्या मूळ संख्या हव्या असतील तर संख्या मूळ आहे की नाही हे चटकन ओळखता आले पाहिजे. आणि कुलूप टिकायचे असेल तर गुणाकार फोडणे मात्र अत्यंत दुष्कर असले पाहिजे. मडके वाजवणे सोपे, तडा शोधणे कठीण.

यांतील पहिल्या बाजूवर कळस चढवला तो भारतीयांनी. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण सहकारी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी रीत दाखवली की, कोणतीही संख्या, मग ती मर्सेनच्या प्रकारची असो वा नसो, मूळ आहे की नाही हे संशयाला जागा न ठेवता ठरवता येते, आणि अंक वाढले तरी त्यास लागणारा वेळ आवाक्याबाहेर जात नाही. जगभरातील गणितज्ञांनी या शोधाचे स्वागत केले. पण तेव्हा काही जणांना जी भीती वाटली, की आता बँकांची कुलुपे उघडी पडणार, ती अनाठायी होती. ही रीतही संख्या संयुक्त असल्याचे सांगते. तिचे अवयव सांगत नाही.

दुसऱ्या बाजूची स्थिती काय? आरएसएच्या कर्त्यांनी १९७७ मध्ये १२९ अंकांची एक संख्या फोडण्याचे जाहीर आव्हान दिले. त्या वेळच्या अंदाजानुसार त्यास विश्वाच्या वयाहूनही कितीतरी अधिक काळ लागणार होता. प्रत्यक्षात एप्रिल १९९४ मध्ये, इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांच्या संगणकांनी ती फोडली. संगणक जलद झाले होतेच. त्याहून अधिक म्हणजे रीती सुधारल्या होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकांची अशीच एक संख्या फोडण्यात आली. त्यास लागलेले श्रम संगणकाच्या एकाच गाभ्याने केले असते, तर सुमारे २७०० वर्षे गेली असती. आज आरएसएसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या संख्या ६१७ अंकी असतात. त्या अजून शाबूत आहेत. कोल यांची एकवीस अंकी संख्या मात्र आजचा साधा संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत फोडतो.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. अवयव शोधणे अवघड आहे, असे आपण म्हणतो. पण ते अवघडच आहे, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. सोपी रीत अस्तित्वातच नाही की ती अजून कोणाला सुचलेली नाही, हे गणिताला माहीत नाही. डिजिटल स्वाक्षरी, संकेतस्थळांची ओळखपत्रे आणि त्यांवर विसंबून चालणारे व्यवहार यांचा मोठा भाग या न सुटलेल्या प्रश्नावर उभा आहे. १९९४ मध्येच पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने दाखवून दिले की, पुंज यामिकीच्या तत्त्वांवर चालणारा पुरेसा मोठा संगणक निर्माण झाला तर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट काढता येतील. तसा संगणक अद्याप कोणी उभारलेला नाही. तरीही सावधगिरी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये, अवयवांच्या अवघडपणावर विसंबून नसलेल्या नव्या पद्धतींची मानके जाहीर केली. कुलूप तुटण्यापूर्वीच ते बदलण्याचा हा शहाणपणा आहे.

मर्सेन संख्यांचा शोधही थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ या घातांकाची मर्सेन संख्या मूळ असल्याचे जाहीर झाले. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे, आणि तिच्यावर शिक्कामोर्तब झाले ते ल्यूका-लेहमर चाचणीनेच. एकीकडे चार कोटी अंकी संख्या मूळ असल्याची आपल्याला खात्री देता येते. दुसरीकडे १२७७ या घातांकाची मर्सेन संख्या केवळ ३८५ अंकी आहे, ती संयुक्त असल्याचे निश्चित ठाऊक आहे, पण अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतरही तिचा एकही अवयव हाती लागलेला नाही. १८७६ मध्ये सदुसष्टची संख्या जेथे उभी होती, तेथेच आज ही संख्या उभी आहे. तडा आहे हे सर्वांना माहीत आहे. तो दाखवून देणारा मात्र अजून फळ्यापाशी आलेला नाही.